आधी तू खाली बस

प्रिय पोरी,

परवा फोनवर तू रडवेली झाली होतीस. "ताई, मुलं बसतच नाहीत," हे एकच वाक्य चार वेळा म्हणालीस. मी गप्प राहिले, कारण तोंडाशी आलेलं बोलले असते तर तू आणखी रडली असतीस. आता लिहिते. तू बसतेस का?

खुर्चीवर नव्हे. सतरंजीवर, मुलांच्या घोळक्यात, साडी चुरगळेल अशी. मागे तुझ्या अंगणवाडीत आले तेव्हा दारातूनच दिसलं: फळांचा तक्ता, प्राण्यांचा तक्ता, अंकांचा तक्ता, सगळे खिडकीच्याही वर. ते मला दिसतात, पर्यवेक्षिकेला दिसतात. साडेतीन वर्षांच्या पोराला दिसतो तो भिंतीचा खालचा, रंग उडालेला पट्टा. खाली बसली असतीस तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. त्या पट्ट्याला काळा रंग लाव, हातात खडू दे, मारू देत रेघोट्या.

म्हणशील, म्हातारीला बोलायला काय जातं! तीस मुलं, एक खोली, वजनं, गृहभेटी, वर मोबाइलवर माहिती भरायची. ठाऊक आहे गं. एकोणतीस वर्षं त्यातच गेली माझी.

आणि मी काय दिवे लावले तेही ऐक. आमच्याकडे खेळण्यांची पेटी आली होती; लाकडी ठोकळे, मणी, कापडी बाहुल्या. मी तिला कुलूप घातलं. नोंदवहीत आकडा लिहिलेला, एक ठोकळा हरवला तर काय उत्तर देऊ? दोन पावसाळे गेले. उघडली तर बाहुल्यांच्या पोटातला कापूस उंदरांनी ओढलेला, ठोकळ्यांना वाळवी. आकडा मात्र बरोबर भरला! त्या काळी हातात पडणारं मानधन एवढंसं होतं, भरपाईची भीती खोटी नव्हती, हे तू तरी समजून घेशील. तरीपण त्या दोन वर्षांतली मुलं ठोकळ्याला हात न लावता पहिलीत गेली. ती काही पुन्हा तीन वर्षांची होऊन माझ्याकडे आली नाहीत.

पेटी नाही म्हणून रडू नकोस. समुद्रकाठच्या बोर्डी गावात १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. पानं, बिया, शंखशिंपले हीच खेळणी. सरकारची अंगणवाडीची योजना आली १९७५ मध्ये, अंगण तिच्या कितीतरी आधीचं. आपण मात्र अंगण सोडून खुर्चीवर जाऊन बसलो.

राहिले पालक. त्यांना एबीसीडी हवी, पाटीभर अक्षरं हवीत. वाद घालू नकोस, त्यांनाही खाली बसव. अर्धा तास आईला मुलीशेजारी बसू दे. चिंचोके एका वाटीत, गारगोट्या दुसऱ्या वाटीत, मग मोजणं, मग मण्यांची माळ. (तोंडात घालणारं लहानगं असेल तर चिंचोके मुळीच नकोत, त्याला मक्याची बुरकुंडं दे.) तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडंसुद्धा अजून पुरती तयार नसतात, तिथे पेन्सिल कसली घोटून घेतेस? आधी कणीक मळू दे, मटार सोलू दे. हे आईला भाषणातून कळत नाही. शेजारी बसली की कळतं.

आणि ते रोज दाराशी रडणारं पोर. त्याच्या आजीला हाकलू नकोस, उंबऱ्यात बसू दे आठवडाभर. मी एका आजीच्या तोंडावर दार लावलं होतं, शिस्त म्हणून. ते मूल पुढे आलंच नाही. त्याचं नाव अजून आठवतं मला, हजेरीतल्या इतर किती जणांची विसरले.

गाणं म्हणताना बस, गोष्ट सांगताना बस, खिचडी वाढून झाली की दोन घास त्यांच्या पंगतीत खा. मदतनीसबाईंनाही बसव, नुसती भांडी घासायला नाहीत त्या. पुन्हा पुन्हा तेच सांगते म्हणून वैतागलीस ना? वैताग. पण बसून वैताग.

बुधवारी येते. चिंचोके धुऊन, वाळवून डबा भरून ठेवलाय, तो आणते. माझे गुडघे आता वाकत नाहीत, उठवायला तुझा हात लागेल. तक्ते तेवढे त्याआधी खाली उतरव.

तुझी,
ताई