काळ्या जमिनीवरच्या घराची भेग उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात मिटते. पाया खचतोय का?

बैठं घर, खाली काळी माती, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग मे महिन्यात उघडते आणि गणपतीपर्यंत जवळजवळ मिटते. एवढ्या वर्णनावरून माझा पहिला संशय जमिनीवरच जातो. मराठवाड्यात बांधकामं करताना हे नेहमीच बघतो. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. घराच्या मधोमध खालचा ओलावा फारसा बदलत नाही, कडेची माती मात्र उन्हात सुकते. त्यामुळे हलतात त्या बाहेरच्या भिंती आणि कोपरे. भेग वर रुंद नि खाली निमुळती असेल तर बहुधा कड खाली बसलीय. उलट असेल तर उचलली गेलीय.

पण आधी स्लॅबवरचा संशय फेडून घ्या. दहा मीटरचा स्लॅब तीस अंशांनी तापला तर साधारण तीन मिलिमीटर वाढतो आणि छताच्या लगेच खाली आडवी भेग पाडतो. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू बसवा आणि व्हर्नियरने (मिलिमीटरचा अंशही मोजणाऱ्या पट्टीने) त्यांच्यातलं अंतर एकाच दिवशी पहाटे आणि दुपारी चारला मोजा. फरक दिसला तर बहुतेक करून उन्हाचा खेळ आहे, कारण माती एका दिवसात एवढी हलत नाही. मिस्त्री भेगेवर काचेची पट्टी चिकटवायला सांगतील. काच फुटली की भेग हलली एवढंच कळतं, परत किती मिटली ते नाही.

मग महिन्याला एकदा, त्याच वेळी, वर्षभर मोजा. भेग दरवर्षी मूळ जागी येत असेल तर हालचाल ऋतूची. दर पावसाळ्यानंतर थोडी थोडी उघडीच राहत असेल तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

दारांवरून घाईने निष्कर्ष काढू नका, लाकूड पावसाळ्यात स्वतःच फुगतं. फट बघा. दार सगळीकडून सारखं घासत असेल तर लाकूड. वरची फट एका टोकाला जवळजवळ बंद आणि दुसऱ्या टोकाला बोट जाईल एवढी असेल तर चौकटच तिरकी झालीय.

मातीची खात्री करायला लॅबमध्ये फ्री स्वेल इंडेक्स, म्हणजे माती पाण्यात किती टक्के फुगते ते, काढून घ्या. चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती एका नळीत पाण्यात, दुसरीत रॉकेलमध्ये चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही, त्यामुळे पाण्यातली वाढ ताडता येते. पन्नास टक्क्यांच्या वर गेली तर माती चांगलीच फुगणारी समजा.

एकच कोपरा हलत असेल तर मातीपेक्षा तिथला पन्हाळ, सांडपाण्याचा चेंबर आणि जवळचं मोठं झाड आधी तपासा. गळका पाइप एकाच बाजूला माती भिजवतो, झाड एकाच बाजूला सुकवतं. पन्हाळाचं पाणी दूर न्या, जोत्याभोवती बाहेर उताराचा कोबा करा. झाड मोठं असेल तर तडकाफडकी तोडू नका. ते पाणी ओढायचं थांबलं की माती फुगून कोपरा उचलू शकते.

आणि मे महिन्यात भेगेत सिमेंट कोंबू नका. पावसाळ्यात भेग मिटायला गेली की ते आडवं येतं आणि शेजारी नवी भेग पडते.