शुगर वाढली तर समुपदेशकाकडे कशाला?

"मॅडम, आईची शुगर वाढलीय आणि डॉक्टर म्हणतात समुपदेशकाकडे जा, तिला काय वेड लागलंय का?" कोपरीहून आईला घेऊन आलेला मुलगा खुर्चीत बसायच्या आधीच चिडून म्हणाला. ठाण्यात हा प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो, म्हणून काकूंना विचारून, ओळख पटेल असं सगळं बदलून लिहितेय.

काकू साठीच्या. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या साधारण ३ महिन्यांची सरासरी शुगर, ७.२ वरून ९.६ वर. गोळ्या वाढवून झाल्या, फरक शून्य. मी म्हटलं पर्समधल्या गोळ्या दाखवता का, तर १० च्या स्ट्रिपमधल्या ७ तशाच, खरं तर ती केव्हाच संपायला हवी होती. काका जाऊन ८ महिने झालेले. रात्री तीनला जाग येते ती येतेच, तलावपाळीची संध्याकाळची फेरी बंद, कारण ती दोघांची होती. मग हळूच म्हणाल्या, "सकाळी सवयीने दोन कप चहा टाकला जातो गं, त्यांचा ओतून द्यायला जीव होत नाही, मग तोही मीच पिते." काकांच्या कपात दोन चमचे साखर. मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं, तो एकदम गप्प झाला.

वेड नाही रे, हे डिप्रेशन आहे, असं त्याला सांगितलं. ताण महिनोन्महिने राहिला की शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं, मग लिव्हर रक्तात जास्त साखर सोडतं आणि इन्सुलिनचा असर कमी होतो, झोप कमी झाली तरी तेच, त्यात स्वतःसाठी काही करावंसंच वाटत नाही म्हणून गोळ्या, जेवण, चालणं सगळं सुटतं. आणि उलटंही होतं, डायबिटीसवाल्यांमध्ये डिप्रेशन जास्त दिसतं. म्हणून नुसते डोस वाढवत राहणं मला पटत नाही. पण शुगरच्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत हं!

सायकियाट्रिस्टनी औषध सुरू केलं, माझ्याकडे पहिली तीन सेशन्स काकू फक्त काकांबद्दल बोलल्या आणि रडल्या. दुसरा कप बंद करा असं मी सांगितलं नाही, बिनसाखरेचा टाका म्हटलं. गोळ्यांची डबी मुलगा रविवारी भरतो. पाच महिन्यांनी ७.८.

तुमच्याही घरात कुणाची शुगर अशी अचानक बिघडली असेल तर आधी स्ट्रिप मोजा आणि झोप लागते का ते विचारा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.