वाचकांचे प्रश्न : कटर बार उंच करायचा, पण कसा?

प्रश्न : आमच्याकडे ट्रॅक्टरला मागे लावायचा पाच फुटी जुना कटर बार मोअर (आडव्या बारवर पाते मागे-पुढे सरकवून गवत कापणारे यंत्र) आहे. तो गवत दीड-दोन इंचांवर कापतो. कुरणात मारवेल आणि पवन्या आहे, जमीन मुरमाड. चार इंचांवर कापायचे आहे. शूची (बारच्या दोन्ही टोकांखालच्या, जमिनीवर घसरणाऱ्या पायांची) भोके शेवटपर्यंत बदलून पाहिली, बार मागे कलवूनही पाहिला. तरी उंची पुरेशी मिळत नाही आणि कापणी खडबडीत होते. (माण तालुका, जि. सातारा)

उत्तर : चार इंच, म्हणजे १० सेंमी, हा निर्णय अगदी योग्य आहे. या गवतांचा फुटवा खालच्या पेरांवरून येतो. जमिनीला लागून कापले की ती पेरेच जातात. मुरमाड माळावर पाती दगडाला लागून तुटतात तो खर्च वेगळाच.

आधी बार होता तसा सरळ करा. कलवण्याची सोय बारीक फरकासाठी असते, उंचीसाठी नव्हे. फिंगरची (बारच्या पुढच्या टोकदार दात्यांची, ज्यांतून पाते सरकते) टोके वर गेली की पडलेले गवत उचललेच जात नाही. पाते देठ आडवे न कापता तिरके ओढते. खडबडीतपणा त्याचाच आहे.

उंची वाढवायची ती दोन्ही शूंखाली जास्त उंचीचे तळवे बसवून. ट्रॅक्टर सपाट फरशीवर उभा करा, बार खाली सोडा, इंजिन बंद करून किल्ली काढा. आता फरशीपासून पात्याच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. फिंगरच्या तळापर्यंत मोजलेत तर हिशेब चुकेल, कारण पाते त्याच्या वर असते. समजा दीड इंच भरले, तर तळवा अडीच इंचांनी, म्हणजे ६४ मिमीने, खाली न्यायचा. हे माप आतल्या आणि बाहेरच्या शूला सारखेच हवे. नाहीतर कुरण एका बाजूला उतरते कापले जाते.

तळव्यासाठी ७५ मिमी रुंद, १० मिमी जाड फ्लॅट पट्टी घ्या. पुढचे टोक घसरगाडीसारखे वर वळवून शूच्या पुढच्या भोकात बोल्टने धरा. मागचे टोक जाड पाइपाचा तुकडा मधे घालून मागच्या भोकात. मधला भाग जमिनीला समांतर राहिला पाहिजे. वळवलेले नाक फिंगरच्या टोकांच्या पुढे काढू नका, तिथे गवत गोळा होऊन बार तुंबतो. पट्टी अरुंद घेतली तर ओल असताना ती काळ्या जमिनीत रुतते आणि मिळवलेली उंची तिथेच जाते.

जुने शू बहुतेक बिडाचे असतात. त्यांवर थेट वेल्डिंग करू नका, जोडाशेजारी तडा जातो. ट्रॉलीच्या कमानीचा जुना पाटा तळव्याला उत्तम, झिजत नाही, पण त्यालाही वेल्डिंग नको, बोल्टच हवेत. १२ मिमीचे, ८.८ ग्रेडचे काउंटरसंक बोल्ट वापरा म्हणजे डोकी जमिनीवर घासून गुळगुळीत होणार नाहीत.

तळवा जितका उंच, तितकी त्याची तरफ लांब. दगडाला धडकला की सगळा जोर मागच्या बोल्टवर येतो. म्हणून तळव्याच्या मध्यापासून शूच्या मागच्या बाजूपर्यंत एक तिरका टेकू द्याच. हा टेकू टाळला तर पहिल्याच वारुळाला बोल्ट कातरला जातो.

पुढची गोष्ट बरेच जण विसरतात. बार अडीच इंच वर गेला की मोअरची चौकटही तितकीच वर घ्यायला हवी. ती खालीच राहिली तर पिटमन (फ्लायव्हीलपासून पात्याला हलवणारा दांडा) तिरका चालतो, पात्याचे डोके प्रत्येक फेऱ्याला वर-खाली हिसकले जाते, आधी त्याची मार्गिका झिजते आणि मग पाते डोक्याजवळ तुटते. चौकट नुसती हायड्रॉलिकवर धरून ठेवू नका. लिफ्ट हळूहळू उतरते. साखळी लावून उंची कायम करा.

शेवटी बार उभा दुमडून पाहा. नवा तळवा चौकटीला किंवा टायरला लागत नाही ना? दगडाला अडकल्यावर बार मागे सोडणारी खिट्टीही पूर्वीसारखी सुटते का, तेही तपासा.

प्रश्न : तळवे उंच केल्यावर मधेमधे न कापलेल्या रेघा राहतात. पाती तर नवी आहेत. (दौंड, जि. पुणे)

उत्तर : रेघ कुठे राहते ते नीट पाहा, दोष तिथूनच कळतो.

बारभर, ठरावीक अंतराने बारीक रेघा राहत असतील तर पात्याचा मेळ चुकला आहे. पीटीओ (ट्रॅक्टरकडून यंत्राला शक्ती देणारा फिरता दांडा) सोडवून फ्लायव्हील हाताने फिरवा. बोटे पात्यापासून लांब ठेवा, कारण हाताने फिरवतानाही पाते बोट कापते. पाते सरकण्याच्या दोन्ही टोकांना प्रत्येक पात्याचा मध्य फिंगरच्या मध्यावर यायला हवा. येत नसेल तर पिटमनची लांबी जुळवा.

बाहेरच्या टोकालाच गवत सुटते? मग बार मागे ओढला गेला आहे. उंच तळव्यांचा ओढ वाढतो, म्हणून हे आता जास्त जाणवते. बाहेरचे टोक आतल्यापेक्षा दर मीटर लांबीला २ सेंमी पुढे हवे, म्हणजे पाच फुटी बाराला साधारण ३ सेंमी.

गवत कापण्याऐवजी वाकून फिंगरमध्ये दाबले जात असेल तर फिंगरमधल्या पट्ट्यांची धार गेली आहे किंवा क्लिप (पाते वरून दाबून धरणारे तुकडे) सैल आहेत. नवे पाते बोथट पट्टीवर कापत नाही, कात्रीचे एकच पान धारदार असावे तसे. क्लिप ठोकायच्या असतील तर आधी पाते बाहेर काढा, थोडे ठोका, पाते घालून पाहा. ते हाताने सरकले पाहिजे, खडखडता कामा नये.

फक्त शेजारच्या फेरीला लागून पट्टा राहत असेल तर गवत बाजूला सारणारी मागची फळी पाहा. शू उंच झाल्याने ती अधांतरी लटकते आणि कापलेले गवत उभ्या गवतावर पडते. तिचा बोल्ट सैल करून मागचे टोक जमिनीला टेकेल इतके खाली घ्या.

प्रश्न : याच तळव्यांवर लसूणघास आणि संकरित नेपियर कापता येईल का? (राहुरी, जि. अहिल्यानगर)

उत्तर : लसूणघासाला ५ ते ७ सेंमी पुरते, चार इंचांवर कापल्यास निष्कारण चारा शेतात राहतो. म्हणून तळवे बोल्टचेच ठेवा, काढून जुने बसवता येतात. मात्र प्रत्येक बदलाबरोबर चौकटीची साखळीही बदला. नेपियरचे जाड झालेले ताट फिंगरमध्ये नीट शिरत नाही, बार तुंबतो. त्याला विळा किंवा ब्रश कटरच बरा.