‘पेटी सुटली की देतो’ म्हणजे नक्की कधी?

प्रश्न : मुलीने ग्राफिक डिझाइनचा कोर्स केलाय. मुंबईला न जाता इथूनच कामं घेते. ओळखीतल्या एका बागायतदारासाठी आंब्याच्या बॉक्सचं डिझाइन 4,000 रुपयांत ठरलं. अकरा वेळा बदल झाले, पैसे अजून नाहीत. तिला नोकरी बघायला सांगू का? – एक पालक, देवगड

उत्तर : एका थकलेल्या बिलावरून एवढा निर्णय नको. चूक कामात नाही, ठरवण्यात झाली. अकरा बदलांत 40 तास गेले असतील तर तासाला 100 रुपये पडले, त्यातच सॉफ्टवेअर आणि नेटचा खर्च. ओळखीत दर कमी करावासा वाटला तर करू दे, अटी मात्र सगळ्यांना सारख्या.

काम धरण्याआधी तिने व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं पाठवावं आणि समोरून ‘चालेल’ आल्याशिवाय सुरुवात करू नये : ‘दोन नमुने दाखवीन. निवडलेल्या नमुन्यात दोनदा बदल, पुढे प्रत्येक वेळी 400 रुपये. निम्मे पैसे आधी, उरलेले छपाईची फाइल देण्याआधी.’ बदल फोनवर घेऊ नयेत, एकदम लिहून मागावेत. घरातल्या चौघांनी चार दिवशी चार रंग सुचवले की अकराचा आकडा सहज गाठला जातो.

आंब्याच्या कामात आगाऊ रक्कम हवीच. बागायतदाराचा पैसा माल वाशीला विकला गेल्यावर सुटतो, म्हणून जानेवारीत ‘पेटी सुटली की देतो’ ऐकू येतं. दर वेळी ती लबाडी नसते. हात खरंच रिकामा असतो. पसंतीसाठी वॉटरमार्क टाकलेली हलकी जेपीजी पाठवावी. छपाईची फाइल आधी गेली की प्रेस सुरू होते आणि तगाद्यातला जोर जातो. शिवाय बॉक्सवाल्याला आधीच विचारावं : कोरुगेटेड (नालीदार पुठ्ठ्याच्या) बॉक्सवर थेट छपाई असेल तर बऱ्याचदा एक-दोन रंगच मिळतात, बारीक अक्षरं भरून जातात. निम्मे बदल इथेच वाचतात.

पुढे एखाद्या कंपनीने 60,000 च्या बिलावर 54,000 पाठवले तर घाबरू नका. तो 10 टक्के टीडीएस, म्हणजे कंपनीने आधीच कापून सरकारकडे भरलेला कर. प्राप्तिकराच्या वेबसाइटवर तिच्या पॅनखाली दिसतो, रिटर्न भरल्यावर करात वळता होतो किंवा परत मिळतो. पॅन दिला नसेल तर मात्र 20 टक्के कापतात.

राहिले ते 4,000. बिलाला नंबर आणि तारीख घालून पाठवा, पैसे कोणत्या तारखेला मिळतील तेवढंच विचारा. आवाज चढवू नका, उद्या बाजारात भेट आहेच. छपाईची फाइल अजून तिच्याकडेच असेल, तर ती तिथेच राहू दे.