कारवारच्या समुद्रातल्या लाल-हिरव्या बोयांची देखभाल कोण आणि कशी करतं?

बेळगाव-खानापूरकडून कारवारला फिरायला गेलेल्यांना हा प्रश्न पडतोच. बंदराच्या वाटेतले बोये, म्हणजे जहाजांना वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, सहसा बंदर खातं सांभाळतं. समोरच्या देवगड बेटावरचं १८६४ चं दीपगृह केंद्राच्या अखत्यारीत. बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे, हिरवा उजवीकडे ठेवायचा.

खरी झीज होते ती पाण्याखाली. बोया साखळीने तळातल्या जड ठोकळ्याला बांधलेला असतो. लाटांबरोबर साखळीचा जो भाग तळावर सारखा उचलला-आपटला जातो, तिथल्या कड्या वाळूत घासून बारीक होतात. म्हणून बोया क्रेनने वर घेऊन कड्यांची जाडी मोजतात आणि झिजलेला तुकडा बदलतात. बुडाला चिकटलेलं शेवाळ, शिंपले खरवडून रंग देतात. बोयावरच्या दिव्याच्या सौर पॅनेलवरची पक्ष्यांची शीट पुसणं किरकोळ वाटेल, पण ती साचली की बॅटरी भरत नाही. दिव्याची उघडझाप घड्याळ लावून तपासतात, कारण खलाशी त्यावरूनच दिवा ओळखतो.

पावसाळ्यानंतर बोया जागेवर आहे का, हे जीपीएसवर पडताळायलाच हवं. आणि कृपा करून बोयाला होडी किंवा जाळं बांधू नका. ओढ बसून तो सरकतो.