बहिणीला नवरा मारतो, पोलिसांनी फक्त एनसी घेतली, म्हणजे अदखलपात्र म्हणून नुसती नोंद केली, एफआयआर नाही. तिला केस करून त्याला जेलमध्ये टाकायचं नाहीये पण घरही सोडायचं नाहीये. कायद्याने काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर आहे आणि तीन वर्षं हे चाललंय. मी वकील नाही, पण २०१८ मध्ये मी स्वतः यातून गेलेय, त्यामुळे जे कोर्टात उभं राहून कळलं ते सांगते.

पहिली गोष्ट, तुमच्या ताईला जे हवंय ना, जेल नको पण मार थांबायला हवा आणि डोक्यावरचं छप्पर जायला नको, त्याच्यासाठीच २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, ज्याला सगळे डीव्ही केस म्हणतात. लोक डीव्ही आणि ४९८अ एकच समजतात. ४९८अ (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) हा नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचा फौजदारी गुन्हा, त्यात एफआयआर होतो आणि ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. डीव्हीमध्ये नवऱ्याला अटक होत नाही, मॅजिस्ट्रेट आदेश देतात की हात लावायचा नाही, घरातून काढायचं नाही, दरमहा इतके पैसे द्यायचे. तो आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा होतो, १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो अजामीनपात्र आहे. म्हणजे जेल दारात उभा असतो, आत जायचं की नाही ते नवऱ्याने ठरवायचं.

एनसीबद्दल. मलाही तेच केलं होतं, "नवराबायकोचं भांडण आहे, समजून घ्या" म्हणून एक कागद हातात दिला आणि घरी पाठवलं, त्या रात्री घरी परत जाताना जे वाटलं ते आजही विसरले नाहीये. पण तो एनसीचा कागद टाकून देऊ नका, तारखेसकट पुरावा आहे तो. पुढच्या वेळी मार लागला तर आधी सरकारी हॉस्पिटलमध्ये जाऊन "नवऱ्याने मारलं" असं स्पष्ट सांगून एमएलसी करायला लावा, म्हणजे मारहाणीच्या जखमांची पोलिस-कोर्टासाठी होणारी डॉक्टरी नोंद. "पडले" असं सांगू नये, मी दोनदा सांगितलं होतं आणि समोरच्या वकिलाने तेच पेपर माझ्यासमोर धरले.

आता घर. माझ्या वेळी फ्लॅट सासूबाईंच्या नावावर होता, समोरच्यांनी सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २००६ चा बत्रा केसचा निकाल दाखवला की सासूसासऱ्यांच्या मालकीच्या घरात सुनेला हक्क नाही, आणि मला घर मिळालंच नाही, वेगळ्या खोलीचं भाडं मिळालं. ऑक्टोबर २०२० मध्ये आहुजा केसमध्ये सुप्रीम कोर्टानेच तो निकाल चुकीचा ठरवला. आता घर कोणाच्या नावावर आहे एवढ्यावर अडत नाही, ती तिथे नांदायला गेली आणि संसार केला तर राहण्याचा हक्क मागता येतो. मालकी मिळत नाही, आणि म्हातारे सासूसासरे असतील तर कोर्ट त्यांचंही बघतं, काही वेळा त्याच दर्जाचं दुसरं घर किंवा भाडं द्यायला सांगतं. तरी माझ्यापेक्षा ताईची बाजू खूप भक्कम आहे.

सुरुवात वकिलापासून नको, संरक्षण अधिकाऱ्यापासून करा, म्हणजे याच कायद्यासाठी सरकारने नेमलेला अधिकारी. जिल्ह्याच्या महिला व बालविकास ऑफिसमध्ये विचारलं की तुमच्या भागाचे कोण ते कळतं. ते डीआयआर भरतात, म्हणजे काय काय घडलं त्याचा ठरलेल्या फॉर्ममधला रिपोर्ट. यात फक्त मार नाही, शिवीगाळ, पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, दागिने दाबून ठेवणं, मनाविरुद्ध संबंध, सगळं येतं, आणि बायका नेमकं हेच सांगायला लाजतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही.

कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत. माझा अंतिम निकाल यायला सव्वादोन वर्षं लागली. म्हणून सगळा जोर अंतरिम आदेशावर, म्हणजे निकाल येईपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशावर लावा, अर्जासोबतच तो मागायचा, प्रतिज्ञापत्रावर तो एकतर्फीसुद्धा, म्हणजे नवऱ्याची बाजू ऐकण्याआधीच, मिळू शकतो. वकील "बघू नंतर" म्हणाला तर ऐकू नका. आदेशाची कॉपी कोर्टाकडून फुकट मिळते आणि पोलिस स्टेशनलाही जाते, तरी एक कॉपी स्वतः नेऊन देऊन पोच घ्या.

आणि घर सोडायचं नाही हे ठीक आहे, पण तो गळा दाबत असेल किंवा जिवे मारायची धमकी देत असेल तर त्याच दिवशी तिला घेऊन या. बाहेर पडली म्हणून हक्क जात नाही, केस माहेरच्या गावच्या कोर्टातही टाकता येते. रात्री-अपरात्री ११२, आणि १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

तिचा मोबाइल नवरा चेक करतो का ते आधी बघा. करत असेल तर हे उत्तर तिला फॉरवर्ड करू नका, भेटून सांगा.