ऑल्डरशॉटला घर घ्यावं का? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: नमस्कार ताई, माझं ऑफिस लंडनला वॉटरलू स्टेशनजवळ आहे, आठवड्यातून तीनदा जावं लागतं. लंडनमध्ये घर परवडत नाही म्हणून हॅम्पशायरमधल्या ऑल्डरशॉटला, वेलस्ली नावाच्या नवीन वस्तीत फ्लॅट बघतोय. पण ऑफिसमधले म्हणतात ते मिलिटरीचं गाव आहे, तिथे कशाला जातोस. बायकोला गोळीबाराच्या आवाजाची काळजी आहे आणि मला वाटतं की आर्मी हळूहळू निघून गेली तर गावाचं काय होईल? घ्यावं का तिथे?

उत्तर: माझं मत आधीच सांगते, घ्या, पण गाव समजून घेऊन घ्या. लोक "मिलिटरीचं गाव" म्हणतात ते काही चूक नाही, पण खरं सांगायचं तर तिथे आधी गाव होतं आणि मग आर्मी आली असं झालंच नाही, म्हणजे छोटंसं खेडं होतं, हजारभरसुद्धा वस्ती नव्हती, आजूबाजूला सगळा माळ. 1853 मध्ये जवळच्या चोभमला सैन्याचा मोठा सराव झाला आणि त्यानंतर सरसेनापती लॉर्ड हार्डिंग यांनी (हे आधी हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल होते) कायमच्या छावणीसाठी हा माळ सुचवला. 1854 ला छावणी सुरू झाली, राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याने जातीने लक्ष घातलं, आणि दहा वर्षांच्या आत खेड्याचं शहर झालं. दुकानं, दारूचे गुत्ते, नाटकगृहं सगळं सैनिकांच्या पगारावर उभं राहिलं.

त्यामुळे आजही तिथे दोन ऑल्डरशॉट आहेत असं समजा. वेलिंग्टन अव्हेन्यू या रस्त्याच्या दक्षिणेला लोकांचं गाव, स्टेशन, बाजार. उत्तरेला आर्मीचं, सरळ रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, खेळाची मैदानं. ही हिरवळ टिकली कारण जमीन आर्मीची होती, बिल्डरला मिळालीच नाही. वेलस्ली वस्ती याच आर्मीने सोडलेल्या जमिनीवर होतेय, 3,850 घरांपर्यंत परवानगी आहे. नाव अर्थातच ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं, म्हणजे 1803 ला असईच्या लढाईत मराठ्यांशी लढलेला तोच आर्थर वेलस्ली. मराठी माणसाला त्या पत्त्यावर राहताना असई आठवणारच, मला तर प्रत्येक वेळी आठवते.

तुम्ही फ्लॅट कुठला बघताय ते लिहिलं नाहीत. जुन्या केंब्रिज मिलिटरी हॉस्पिटलमधला असेल तर नीट वाचा. टेकडीवरची ही इमारत 1879 ची, पहिल्या महायुद्धात हॅरल्ड गिलीज नावाच्या डॉक्टरने चेहरा उडालेल्या सैनिकांवर प्लास्टिक सर्जरी सुरू केली ती इथेच, मग 1996 ला हॉस्पिटल बंद झालं आणि बरीच वर्षं तशीच पडून होती. ती वाचली आणि लोक राहायला आले याचा मला मनापासून आनंद आहे. पण इमारत लिस्टेड आहे, म्हणजे वारसा म्हणून कायद्याने जपलेली, खिडकी बदलायची म्हटलं तरी कौन्सिलची परवानगी लागते. फ्लॅट म्हटलं की लीज किती वर्षांची, सर्व्हिस चार्ज किती आणि मागच्या काही वर्षांत तो कसा वाढला, हे वकिलाकडून लेखी घ्या. नुसतं सेल्स ऑफिसच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आवाजाचं म्हणाल तर पूर्वेला ॲश रेंजेस आहेत, तिथे फायरिंगचा सराव असतो, वारा तिकडून असला की ऐकू येतं. सरावाच्या वेळी लाल निशाणं लावतात आणि तेव्हा आत जायचं नाही म्हणजे नाही, मुलांना हे पहिल्या दिवशी सांगा. सरावाच्या वेळा सरकारी वेबसाइटवर असतात, त्या बघून मुद्दाम फायरिंगच्या दिवशीच घर बघायला जा आणि वहिनींनाही न्या, त्यांचं त्यांना कळेल.

आर्मी निघून जाईल का? बरीच कमी झालीये हे खरं, पॅराशूट रेजिमेंट कोल्चेस्टरला गेली तेव्हा गावाला फार लागलं, आणि बाजारपेठ आधीसारखी भरलेली नाही. पण छावणी अजून चालू आहे. आणि गावाचा आता दुसरा आधार म्हणजे तुमच्यासारखी कामाला लंडनला जाणारी माणसं, वॉटरलूची थेट गाडी आहे, साधारण तासाभराचा प्रवास. माझी काळजी एवढीच की नवीन लोक सकाळी स्टेशन गाठतात, रात्री घरी येतात आणि खरेदी सगळी ऑनलाइन, मग बाजार चालणार कसा? तुम्ही राहायला गेलात तर शनिवारी तरी गावात उतरा.

प्रश्न: ताई, माझी मुलगी त्याच भागात राहते. तिकडे इतके नेपाळी आजी-आजोबा कसे काय दिसतात?

उत्तर: ते ब्रिटिश आर्मीतून रिटायर झालेले नेपाळी गुरखा सैनिक आणि त्यांच्या घरचे. 1997 च्या आधी रिटायर झालेल्या गुरख्यांना ब्रिटनमध्ये राहायचा सरसकट हक्क नव्हता, ज्यांनी त्याच आर्मीसाठी जीव धोक्यात घातला त्यांना! जोआना लम्ली या अभिनेत्रीने मोहीम लावून धरली, तिचे वडील गुरखा रेजिमेंटमध्ये ऑफिसर होते, आणि 2009 ला सरकारला नमावं लागलं. मग बरेचजण ऑल्डरशॉट आणि शेजारच्या फार्नबरोला आले कारण इंग्लंडमधलं ओळखीचं ठिकाण म्हणजे छावणीच. उतारवयात आलेल्या कित्येकांना इंग्रजी येत नाही, थंडीत बागेतल्या बाकावर बसलेले असतात. तुमच्या मुलीला हिंदी येत असेल तर तिला म्हणावं दोन मिनिटं थांबून बोल, त्यातल्या अनेकांना हिंदी कळतं.

प्रश्न: लंडनहून एका दिवसात जाऊन काय बघता येईल?

उत्तर: वेलिंग्टनचा घोड्यावरचा पुतळा आधी. जवळपास 30 फूट उंच, लंडनमध्ये हाइड पार्क कॉर्नरच्या कमानीवर होता, तिथे लोकांना तो बेढब वाटला म्हणून 1885 ला इथे आणला, आणि झाडीतल्या टेकाडावर तो खरंच शोभतो. मग मिलिटरी म्युझियम, ते जुन्या बराकीतच आहे. वेळ उरला तर मिलिटरी सिमेटरीत सॅम्युएल कोडीची समाधी बघा, ब्रिटनमधलं पहिलं इंजिनवालं विमान त्याने 1908 ला शेजारच्या फार्नबरोला उडवलं. चालायचे बूट घाला, अंतरं बरीच आहेत. म्युझियमच्या वेळा निघायच्या आधी बघून घ्या.